हात बसेपर्यंत: इंदूरच्या एका रुग्णालयातलं नवजात बाळांच्या काळजीचं प्रशिक्षण

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिमेकडच्या जुन्या वस्तीत एका विश्वस्त संस्थेचं साठ खाटांचं रुग्णालय आहे. रामबाग, लोकमान्य नगरातल्या मराठी घरांतल्या मुली दोन-तीन पिढ्या इथे बाळंतपणाला येत आल्या. आता देवास, खरगोन, बडवाणीकडूनही बायका येतात. महिन्याला साधारण ४५ बाळंतपणं होतात. लेबर रूम आणि बाळांचा कक्ष मिळून १२ परिचारिका, तीन पाळ्या, रात्री दोघीच. बालरोगतज्ज्ञ फोन केल्यावर येतात. रात्रीचे निवासी डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर असतात आणि लेबर रूम तळमजल्यावर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

बाराही जणींचं नवजात पुनरुज्जीवनाचं, म्हणजे जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करण्याचं, दोन दिवसांचं प्रशिक्षण पुढे सांगितलेल्या घटनेच्या सात महिने आधी झालं होतं. दीड दिवस स्लाइड आणि व्हिडिओ, शेवटी बारा जणींत सरावासाठी बाळाचा एक पुतळा, प्रत्येकीच्या वाट्याला तीन-चार मिनिटं. लेखी परीक्षेत सगळ्या उत्तीर्ण झाल्या आणि प्रमाणपत्रं मेट्रनबाईंच्या कपाटातल्या फाइलला लागली.

शंभर बाळांमधली ८५ च्या आसपास बाळं जन्मल्यावर आपली आपण श्वास घेतात. आणखी दहाएक बाळं पुसून, पाठ चोळून श्वास घेऊ लागतात. साधारण पाच बाळांना बॅग आणि मास्कने, म्हणजे तोंड-नाकावर मास्क बसवून हाताने पिशवी दाबत, हवा द्यावी लागते. या रुग्णालयात म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला पंचवीस-सत्तावीस. त्यातली बरीच दिवसा, डॉक्टर शेजारी असताना जन्मतात. एका परिचारिकेच्या हातात खऱ्या बाळासाठी बॅग येण्याची वेळ वर्षातून एखाद-दुसऱ्यांदाच. दिवाळीला एकदाच अनारसे करणाऱ्या हाताचा पहिला घाणा बहुधा बिघडतो, मग हात बसतो. इथे पहिला घाणा बिघडू द्यायची सोय नाही. एसआरएसच्या (देशभरातल्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणीच्या) २०२० च्या आकडेवारीत मध्य प्रदेशात हजार जिवंत जन्मांमागे ३१ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावली. देशाचा आकडा २० होता. जन्मताना गुदमरणं हे त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि त्यावरचा उपाय पहिल्या मिनिटात, बहुतेक वेळा परिचारिकेच्या हातात असतो.

काय घडलं

जानेवारीतली रात्र, पहाटे तीनच्या सुमाराची वेळ. दिवस भरलेलं, २.८ किलोचं बाळ. पोटातच शी केल्याने पाणी हिरवट झालेलं. बाळ बाहेर आलं ते ढिलं, न रडणारं.

ड्युटीवरच्या दोघींनी हातपाय गाळले नाहीत, दोघी सतत काही ना काही करत होत्या. बाळाला पुसलं, पण ओलं फडकं खालून काढायचं राहिलं. तोंडातून सक्शन केलं (नळीने स्राव ओढून काढला), मग नाकातून, मग पुन्हा तोंडातून, जरा खोलवर. तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. एकीने ऑक्सिजनची नळी नाकाजवळ धरली, दुसरी डॉक्टरांना फोन करायला गेली. डॉक्टर तीन मजले उतरून आले तेव्हा साडेतीन मिनिटं झाली होती. बॅगिंग चौथ्या मिनिटाला सुरू झालं. पाचव्या मिनिटाला ठोके शंभरावर गेले, सातव्याला बाळ रडलं. त्याला एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) हलवलं आणि चौथ्या दिवशी ते आईच्या अंगावर पिऊ लागलं.

बाळ वाचलं म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. पण ती तीन मिनिटं हवेविना गेली होती, आणि त्या काळात केलेल्या चारही गोष्टींतली एकही गोष्ट फुप्फुसात हवा पोचवत नव्हती. नाकाजवळ धरलेला ऑक्सिजन श्वास न घेणाऱ्या बाळाच्या आत जात नाही. खोल सक्शनने घशाच्या मागच्या भागाला धक्का लागतो, ठोके आणखी मंदावतात आणि श्वास आणखी लांबतो. शी केलेल्या पाण्यात जन्मलेल्या ढिल्या बाळाच्या श्वासनलिकेत सरसकट नळी घालून सक्शन करण्याची पद्धतही आता सोडून दिलेली आहे. हवा देणं लांबणीवर पडू नये, हेच त्यामागचं कारण.

पहिला निर्णय: मेमो की चाचणी

व्यवस्थापनाने दोघींना कारणे दाखवा मेमोचा मसुदा केला होता. मेट्रनबाईंनी तो थांबवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "आधी बाकीच्या दहा जणींना त्याच जागी उभं करून बघू. त्यांचं काही वेगळं झालं, तर मेमो खुशाल द्या."

मग पाच दिवसांत, ड्युटीवर असतानाच, आधी न सांगता, प्रत्येकीची एक चाचणी घेतली. साधा पुतळा, आत कोमट पाणी भरलं की वजन दोन किलोच्या आसपास भरणारा. वरून पाण्याने ओला करून हातात द्यायचा आणि म्हणायचं, "बाळ जन्मलं." मोजायचं एकच: छाती वर येईल असा पहिला श्वास किती सेकंदांत दिला. त्याच दिवशी चार ओळींचा लेखी प्रश्नही दिला.

लेखी उत्तरात बाराही जणींनी "एका मिनिटाच्या आत" असं बरोबर लिहिलं. प्रत्यक्षात बारापैकी तिघींना ते जमलं. पाच जणींना एक ते दोन मिनिटं लागली, चौघींना दोन मिनिटांपेक्षा जास्त. मेमो फाडला गेला. इथून पुढे प्रश्न दोघींचा राहिला नाही.

अडचण नेमकी कुठे होती

चाचण्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर कारणं स्पष्ट झाली आणि ती एका जातीची नव्हती.

एक, यंत्र. लेबर रूममधल्या तीन बॅगांपैकी एक दाबली तरी मास्कमधून हवाच येत नव्हती. धुऊन, निर्जंतुक करून परत जोडताना आतली रबरी चोचीसारखी झडप उलटी बसली होती. बॅग फुगलेली दिसते, हाताला दबल्यासारखी वाटते, पण हवा मागच्या मागे निघून जाते. त्या रात्री हीच बॅग हातात आली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

दोन, जागा. दुसरी बॅग कुलूपबंद कपाटात, किल्ली इन-चार्ज सिस्टरकडे. वस्तू हरवतात म्हणून कधीतरी घेतलेला निर्णय, पुढे कुणी त्याकडे वळून पाहिलं नव्हतं. वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं टेबल, बाळ आल्यावर लावायचा, अशीच सवय.

तीन, गैरसमज. अर्ध्याहून अधिक जणी बॅग हातात घेण्याआधी ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे धावल्या. स्वतः फुगणारी बॅग सिलिंडरशिवाय चालते, आणि दिवस भरलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करायची असते, हे वाचलेलं होतं. पण बॅगला नळी जोडलेलीच त्यांनी कायम पाहिली होती.

चार, हात. मास्क धरताना तिन्ही बोटं हनुवटीखालच्या मऊ भागात रुतत होती, त्याने जीभ मागे ढकलली जाऊन वाटच बंद होत होती. खांद्याखाली अख्खा टॉवेल गुंडाळून ठेवल्याने मान फार मागे जात होती. घाईत मोजणी मिनिटाला ऐंशीपर्यंत चढत होती.

पाच, आणि हे सगळ्यात शेवटी कळलं: भीती. त्याबद्दल पुढे.

समोरचे पर्याय

तेच दोन दिवसांचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं, हा सोपा पर्याय होता. पण त्यातून आलेलं ज्ञान कमी पडलं नव्हतं, म्हणून तो सोडला.

रात्री बालरोगतज्ज्ञ मुक्कामी ठेवावेत, हा दुसरा. खर्च मोठा, आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले असले तरी पहिलं मिनिट परिचारिकेचंच राहतं.

बाहेरच्या सिम्युलेशन केंद्रात पाठवावं, असाही विचार झाला. तिथले पुतळे रडतात, निळे पडतात, ठोके स्क्रीनवर दिसतात. पण तिथला वॉर्मर, तिथलं कपाट, तिथला दिवा वेगळा. या रुग्णालयातली निम्मी अडचण तर कपाटात आणि किल्लीतच होती. ती दुसऱ्या शहरातल्या चकचकीत खोलीत कधीच सापडली नसती.

शेवटी ठरलं ते असं: सराव आपल्याच लेबर रूममध्ये, आपल्याच वॉर्मरवर. पुतळे दोन, साधेच, बाजूला हाताने दाबायचे दोन रबरी फुगे असलेले: एकाने छाती हलते आणि रडण्याचा आवाज येतो, दुसऱ्याने नाळेचा ठोका लागतो. शिकवणाऱ्या रुग्णालयातल्याच दोन वरिष्ठ सिस्टर, ज्यांना आधी एका नवजाततज्ज्ञांकडून दोन दिवस सराव कसा घ्यायचा हे शिकवून आणलं.

किती शिकवायचं यावर बराच वाद झाला. बालरोगतज्ज्ञांना छाती दाबणं, नळी घालणं, अ‍ॅड्रिनॅलिन, सगळं एकदम हवं होतं. छाती दाबण्याची वेळ हजारात एखाद्या बाळावर येते. हवा नीट पोचली की बहुतेक बाळांचे ठोके त्यानेच वर येतात. म्हणून पहिले दोन महिने फक्त पहिलं मिनिट आणि बॅग, एवढंच घेतलं. हा निर्णय बरोबर ठरला असं मानायला जागा आहे, कारण हाताला एकच गोष्ट वीस वेळा मिळाली.

सराव कसा झाला

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं, त्याचे चार टप्पे आहेत: करून बघणं, केल्याकडे वळून पाहणं, त्यातून नियम काढणं, आणि तो नियम पुन्हा करून तपासणं. सराव याच क्रमाने बांधला. आधी व्याख्यान नाही. सहा-सहा जणींच्या दोन तुकड्या, प्रत्येकी एक पूर्ण दिवस; त्यानंतर आठवड्यातून दोनदा पाळी बदलताना दहा मिनिटांची चाचणी.

एका फेरीत एक जण बाळ सांभाळणारी, एक मदतनीस, एक टेबलावर झोपलेली आई, दोघी घड्याळ आणि तपासयादी घेऊन निरीक्षक. सहावी पुढच्या फेरीची तयारी करते. पुतळ्याचे फुगे शिकवणाऱ्या सिस्टरच्या हातात. तिला एक नियम कडक घालून दिला होता: छाती वर येईल असे श्वास मिळाल्याशिवाय ठोका वाढवायचा नाही आणि रडवायचं नाही. दया येते, मुलगी घामाघूम झालेली दिसते, हात आपोआप फुगा दाबतो. तसं केलं की ती चुकीची गोष्ट बरोबर म्हणून शिकते.

फेरीचं गणित असं:

बाळ यायच्या वीसेक मिनिटं आधी वॉर्मर सुरू. दोन कोरडी फडकी तापत ठेवलेली. बॅग तपासलेली: मास्क तळहातावर घट्ट टेकवून दाबली की तळव्याला दाब जाणवला पाहिजे, आणखी जोराने दाबल्यावर सुरक्षा-झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे, सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे. तीनपैकी एकही चुकलं तर ती बॅग बाजूला.

जन्म झाल्याबरोबर वेळ मोठ्याने उच्चारायची. आईच्या पोटावर पाठ, डोकं, हातपाय पुसायचे, ओलं फडकं काढून कोरडं घ्यायचं. श्वास आहे? असेल तर आईजवळच ठेवायचं, नाळ एक ते तीन मिनिटांनी. नसेल तर नाळ बांधून, कापून वॉर्मरवर.

वॉर्मरवर मान किंचित मागे, फुलाचा वास घेताना असते तितकीच. खांद्याखाली दोन सेंटिमीटर जाडीची घडी. स्राव दिसत असेल तरच आधी तोंड, मग नाक. एकदाच, आणि खोल नाही. पाठ दोन-तीनदा चोळायची. तरीही श्वास नाही? मग बॅग.

मास्क हनुवटीकडून चढवायचा. हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक झाकलं जावं, डोळ्यांवर येऊ नये. दिवस भरलेल्या बाळाला एक नंबरचा, कमी दिवसांच्याला शून्य नंबरचा. अंगठा आणि तर्जनीने मास्कवर सी आकार, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावर, मऊ भागात नव्हे. बॅग अंगठा आणि दोन बोटांनी दाबायची. तीन किलोच्या बाळाच्या एका श्वासाला १२ ते १८ मिली हवा पुरते, आणि नवजाताच्या बॅगेत २५० मिलीच्या आसपास मावते. मूठभर दाब कशाला? मिनिटाला ४० ते ६० श्वास. "दाब, दोन, तीन" असं मोठ्याने म्हणत दाबलं की वेग आपोआप जागेवर येतो. पहिल्या दिवशी सगळ्या जणी शिकवलेली इंग्रजी मोजणी म्हणत होत्या आणि ती घाईत आक्रसत जात होती. निमाडकडच्या (खरगोन-बडवाणी भागातल्या) मुलींनी "साँस, दो, तीन" आणि बाकीच्यांनी मराठी मोजणी धरली, तेव्हा वेग स्थिरावला.

छाती वर येत नसेल तर क्रमाने: मास्क पुन्हा बसवा, मान पुन्हा ठेवा, तोंड-नाक बघा, तोंड थोडं उघडून धरा, दाब थोडा वाढवा. अर्धा मिनिट नीट हवा दिल्यावर ठोके: सहा सेकंद मोजून दहाने गुणायचं.

या सगळ्यात फोनचाही सराव होता. "सर, लवकर या" याने वरच्या माणसाला काहीच कळत नाही. ठरलेलं वाक्य: "लेबर रूम, बाळ श्वास घेत नाही, बॅगिंग सुरू आहे, या." आणि फोन बॅग धरणारीने करायचा नाही.

मोबाइलवर चित्रीकरण करावं का, यावर दोघीतिघी बिचकल्या. ठरलं की चित्रफीत फक्त त्या फेरीतल्या जणीच बघतील, त्याच खोलीत, आणि लगेच पुसली जाईल. तसंच झालं. ओलं फडकं तसंच राहिलं होतं, हे सांगून कुणालाही पटत नव्हतं. स्वतःच्या हातांकडे बघितल्यावर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

वळून पाहताना काय घडलं

फेरीनंतरची चर्चा हा या पद्धतीचा गाभा आहे, आणि तीच पहिल्या दिवशी फसली. बालरोगतज्ज्ञ खुर्ची घेऊन बसले होते. फेरी संपताच त्यांनी चुका वाचून दाखवल्या. सातही चुका खऱ्या होत्या. खोली गप्प झाली, एक मुलगी रडली, आणि दुपारच्या फेरीला दोघी "पाळी आहे" म्हणून निघून गेल्या.

संध्याकाळी पद्धत बदलली. डॉक्टर निरीक्षक राहिले नाहीत, फेरीतले एक पात्र झाले: तीन मिनिटांनी धापा टाकत येणारे डॉक्टर. चर्चेत तीनच प्रश्न ठेवले. काय दिसलं? त्या क्षणी मनात काय होतं? पुढच्या वेळी हात आधी कुठे जाईल? शिकवणारीने स्वतः उत्तर द्यायचं नाही, निदान दहापर्यंत मनात मोजून होईस्तोवर.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या दोघींतल्या थोरल्या सिस्टरने, जिला सगळ्या ताई म्हणतात आणि जिची नोकरी बावीस वर्षांची आहे, पहिली फेरी स्वतः केली. तिला दीड मिनिट लागलं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या वेळी थोपटलं की बाळं रडायची, म्हणून मी थोपटतच बसले. मला बॅग आठवलीच नाही." त्यानंतर बाकीच्या बोलू लागल्या.

जानेवारीच्या रात्री ड्युटीवर असलेली एक जण त्या दिवशी म्हणाली, "ताई, बॅग हाताशी होती. पण डॉक्टरांच्या आधी मी लावली आणि काही वाईट झालं, तर माझ्यावर येईल असं वाटलं." या एका वाक्याने प्रशिक्षणाचा अर्धा आराखडा बदलला. हात कितीही बसला तरी परवानगीची वाट पाहणारा हात थांबणारच. दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञ आणि वैद्यकीय संचालकांच्या सहीचा कायमस्वरूपी आदेश वॉर्मरच्या वरच्या भिंतीवर लागला: पुसून, चोळून बाळ श्वास घेत नसेल तर ड्युटीवरच्या परिचारिकेने कुणालाही न विचारता बॅगिंग सुरू करावं.

आणखी एक गोष्ट कुणाच्याच तपासयादीत नव्हती. आईची भूमिका करणाऱ्या मुलीला विचारलं, काय दिसलं? ती म्हणाली, "मला छत दिसत होतं. बाळ कुठे नेलं, काय झालं, मला कुणी काहीच सांगितलं नाही." ती स्वतः दोन मुलांची आई. त्यानंतर मदतनिसाचं पहिलं काम ठरलं: आईच्या हातावर हात ठेवून, तिच्या भाषेत, एक वाक्य. "बाळाला श्वासासाठी मदत करतोय, मी इथेच आहे."

याच आठवड्यात कपाटाचं कुलूप निघालं. बॅगा आणि दोन्ही मास्क वॉर्मरच्या हुकाला पारदर्शक पिशवीत लागले, आणि प्रत्येक पाळीला बॅगेची तीन-चाचणी करून वहीत सही सुरू झाली.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी, न सांगता घेतलेल्या चाचणीत बारापैकी दहा जणींनी एका मिनिटाच्या आत छाती वर आणली. उरलेल्या दोघींना सव्वा मिनिट लागलं, दोघींचाही मास्क गळत होता.

मग गणपती आले. अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या (मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांच्या) दिवसांत शहरातल्या वाटा रात्रभर भरलेल्या, सुट्ट्या, बदली ड्युट्या. तीन आठवडे दहा मिनिटांची चाचणी झालीच नाही. ती पुन्हा सुरू केली तेव्हा बाराजणींपैकी सात जणीच वेळेत बसल्या. मास्क धरण्याची पकड सगळ्यात आधी सुटते, असं नोंदींवरून दिसलं. क्रम आठवतो, बोटं विसरतात. दोन आठवड्यांत पकड परत आली.

खऱ्या बाळांसाठी जन्मनोंदीच्या रजिस्टरला एक रकाना वाढवला: जन्मापासून पहिल्या बॅगेपर्यंतचे सेकंद. सहा महिन्यांत ११ बाळांना बॅगिंग लागलं. आठ बाळांना एका मिनिटाच्या आत मिळालं. त्यातली पाच बाळं डॉक्टर खोलीत येण्याआधीच रडली होती. अकरा ही संख्या लहान आहे. यावरून मृत्यू कमी झाले असं काही म्हणता येत नाही आणि रुग्णालयाने तसं म्हटलेलंही नाही.

ज्या तीन बाळांना उशीर झाला, त्यांच्या नोंदी जास्त शिकवणाऱ्या आहेत. एक बाळ सिझेरियनचं, ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथला वॉर्मर कोपऱ्यात, बॅग भूल देणाऱ्यांच्या ट्रॉलीवर. दुसरं ३३ आठवड्यांचं. हातात एक नंबरचा मास्क आला, तो डोळ्यांपर्यंत गेला आणि हवा गळत राहिली. तिसरं बाळ फाटकाशी, रिक्षातच जन्मलं.

वेगळं काय करता आलं असतं

तिन्ही उशीर सरावातल्या तीन पोकळ्यांवर नेमके येऊन पडले. सराव फक्त लेबर रूममध्ये झाला, कारण घटना तिथे घडली होती. पहिल्या आठवड्यातच रुग्णालयाचा नकाशा काढून बाळ कुठे कुठे जन्मू शकतं याच्या खुणा करायला हव्या होत्या. थिएटरच्या सिस्टर वेगळ्या खात्यात मोडतात म्हणून त्यांना बोलावलंच नाही. ही चूक खात्यांच्या सीमेची होती आणि ती आधी दिसायला हरकत नव्हती. कमी दिवसांच्या बाळाचा लहान पुतळा घेतला नाही. शून्य नंबरचा मास्क पिशवीत होता, पण कुणाच्याही बोटांना त्याची ओळख नव्हती.

खऱ्या बाळांच्या वेळेची नोंद सराव सुरू होण्याआधीपासून ठेवायला हवी होती. जानेवारीच्या त्या एका रात्रीखेरीज आधीचं काहीच हाताशी नसल्याने तुलना करता येत नाही.

यंत्रं माणसांच्या आधी तपासायला हवी होती. उलटी झडप चाचणीत योगायोगाने सापडली. निर्जंतुकीकरण करणाऱ्या मावशींना बॅग उघडून जोडून दाखवण्याचं काम चौथ्या महिन्यात झालं. ते पहिल्या दिवसाचं काम होतं. आज त्या बॅग जोडल्यावर स्वतः तळहातावर दाबून बघतात आणि मगच वर पाठवतात.

सहा महिन्यांत तिघी परिचारिका नोकरी सोडून गेल्या, नव्या तिघी आल्या. त्यातल्या एकीला पुढच्या तुकडीची वाट पाहत पाच आठवडे काढावे लागले आणि त्या काळात तिने आठ रात्रपाळ्या केल्या. आता नव्या मुलीला पहिली रात्रपाळी देण्याआधी पाच फेऱ्या पूर्ण झाल्याची ताईंची सही लागते.

छाती दाबणं आणि औषधं दोन महिन्यांनंतर घ्यायची होती, ती अजून राहिली आहेत. त्यासाठी तीन दाब आणि एक श्वास या लयीत दोघींचे हात जुळावे लागतात, आणि रात्री दोघीच असतात. आईकडे मग कोण बघणार, याचं उत्तर मेट्रनबाई आणि डॉक्टर अजून शोधत आहेत. तिसरी व्यक्ती म्हणून रात्रीच्या आयाबाईंना शिकवावं, असा एक प्रस्ताव आहे.

फाटकाजवळच्या चौकीत आता एक लाल डबा ठेवला आहे: दोन कोरडी फडकी, टोपी, नाळेचे दोन चिमटे आणि निर्जंतुक ब्लेड, एक बॅग, दोन्ही नंबरचे मास्क. पुढचा सराव तिथेच, उभ्या रिक्षात, रात्री अडीच वाजता ठरला आहे. त्यात सुरक्षारक्षकालाही घेतलं आहे, कारण त्या रात्री रिक्षाकडे सगळ्यात आधी तोच धावला होता.